फेजुआदा, तिसऱ्यांदा

टिपणीस काकांना काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर ‘नको’ असायचं. चहा? नको. शाल? नको, थंडी कुठे आहे. दुसऱ्यांदा विचारलं की, ‘‘अगं नको, खरंच नको.’’ तिसऱ्यांदा विचारलं की, ‘‘बरं, तू एवढं म्हणतेसच तर अर्धा कप.’’ हा अर्धा कप काठोकाठ भरलेला लागायचा.

हा हिशोब मला कळायला बराच वेळ लागला, कारण मी पुण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. तिथे आम्हाला ‘नो, थँक यू’ शिकवलं होतं आणि ते एकदाच म्हणायचं असतं. काकांच्या ‘नको’मागे संस्कृती होती, माझ्या ‘नो, थँक यू’मागे भित्रेपणा. ऑफिसमध्ये कुणी केक पुढे केला की मी ‘आय अ‍ॅम ओके’ म्हणायचे आणि मग जागेवर बसून तो केक संपताना बघायचे.

सिडनीत वेंटवर्थव्हिलला काकांच्या मुलीच्या, मृण्मयीताईच्या घरामागे एक ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे परसातलं छोटं वेगळं घर होतं, ते मी भाड्याने घेतलं होतं. लॉकडाउन लागला तेव्हा सगळे हवालदिल झाले आणि मला मनातून बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही. घराबाहेर पडू नका, कुणाला भेटू नका, लांब उभे राहा. ज्याचा सराव मी लहानपणापासून करत होते, ते सरकारने सक्तीचं केलं होतं.

काका ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. वीज मंडळातून निवृत्त झालेले, उंच, काटक, घरातही हातात घड्याळ. आदल्या वर्षी काकू गेल्या आणि ते एकटे धड जेवेनात, म्हणून मृण्मयीताईने त्यांना बोलावून घेतलं. मग विमानं बंद झाली आणि काका इथेच राहिले. व्हिसा वाढत गेला, काका मात्र कमी होत गेले. पँटचा पट्टा आणखी आवळायला त्यांनी कात्रीच्या टोकाने नवीन भोकं पाडली होती.

ताईचं काही चुकत नव्हतं. ती आणि तिचा नवरा दिवसभर कानाला हेडफोन लावून दोन खोल्यांत मीटिंगमध्ये असायचे. फ्रिज गच्च भरलेला असायचा. ‘‘बाबा, सगळं आहे हं फ्रिजमध्ये, लागेल तेव्हा घ्या,’’ असं सांगून ती खोलीचं दार लावायची. तिला वाटायचं, आपण बाबांना मोकळीक देतोय. आणि काका फ्रिजसमोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे. फ्रिज कुणालाच दुसऱ्यांदा विचारत नाही. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, काही निघालं नाही. सहा वर्षांची नात तेवढी जेवताना त्यांना समोरासमोर विचारायची, ‘‘आजोबा, डू यू वॉन्ट इट? यस ऑर नो?’’ काका म्हणायचे, ‘‘नको गं बाळा.’’ ती म्हणायची, ‘‘ओके,’’ आणि त्यांच्या वाटणीची पोळी स्वतःकडे ओढायची.

काकांचा वेळ जायचा शब्दांवर. कुठला शब्द कुठून आला, हा त्यांचा छंद. मी कपड्यांना इस्त्री करताना दिसले की खिडकीतून म्हणायचे, ‘‘इस्त्री कुणाची?’’ मी म्हणायचे, ‘‘ताईची, मागून आणलीय.’’ ते म्हणायचे, ‘‘पोर्तुगिजांची!’’ आणि निघून जायचे. माझी मराठी तेव्हा कशीबशी चालत होती, त्यामुळे मला वाटायचं, की काकांना आता थोडा विसर पडायला लागलाय.

त्यांची आणि शेजारच्या तावारेस यांची ओळख झाली ती कोबीमुळे. मधल्या लाकडी कुंपणाची एक फळी निघाली होती. पलीकडे तावारेस वाफ्यात हिरव्या पानांचं काहीतरी लावत होते. ते उतारवयाचे, रुंद, हातांना सिमेंटने आलेला कायमचा खरखरीतपणा. तरुणपणी पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून आलेले आणि जन्मभर सिडनीभर विटा रचलेले. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. काकांनी फळीच्या जागेतून विचारलं, ‘‘व्हॉट इज धिस?’’ तावारेस म्हणाले, ‘‘कोव्ह.’’

काका तिथेच ओरडले, ‘‘कोबी!’’

नंतरचा अर्धा तास मी माझ्या पायरीवरून पाहिला. काकांनी कुंपणाच्या अलीकडून एकेक शब्द परत केला. बटाटा. पाव. साबण. चावी. बादली. काजू. पलीकडून प्रत्येक शब्दाला तावारेस आपला शब्द सांगायचे आणि छातीवर हात ठेवायचे. शेवटी ते म्हणाले, ‘‘मेट, हे सगळं आम्ही तुमच्याकडे ठेवायला दिलं होतं का?’’

अडचण एकच होती. दोघंही इंग्रजी बोलायचे आणि दोघांनाही एकमेकांचं इंग्रजी कळायचं नाही. काकांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं. तावारेस यांचं, पोर्तुगीज पायावर चढवलेली ऑस्ट्रेलियन भिंत. माझं मात्र दोघांनाही कळायचं. त्यामुळे मला कुंपणाशी बोलावणं आलं आणि मी इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करायला लागले. माझ्या आईवडिलांनी एवढी फी भरून मला ज्या शाळेत घातलं, तिचा आयुष्यात झालेला हा पहिला स्पष्ट उपयोग. तावारेस मला ‘केट’ म्हणायचे. माझं नाव केतकी आहे हे सांगायची योग्य वेळ पहिल्या दिवशीच निघून गेली होती. काका त्यांना सरळ ‘तावडे’ म्हणायचे, ते काकांना ‘टिप’. कुणाचीच तक्रार नव्हती.

एका सकाळी तावारेस कस्टर्डचे टार्ट घेऊन आले. स्वतः केलेले, वरून थोडे करपवलेले, अजून गरम. ताटली त्यांनी फळीच्या जागेतून पुढे केली.

‘‘टिप, घे.’’

‘‘नो नो नो,’’ काका म्हणाले. डोळे ताटलीवर.

‘‘नो वरीज, मेट,’’ तावारेस म्हणाले. एक टार्ट त्यांनी तिथल्या तिथे तोंडात टाकला आणि ताटली घेऊन आत गेले.

काकांचा हात अर्धा पुढे आलेला होता. तो तसाच राहिला. मग त्यांनी त्या हाताने कुंपणावरचा वाळका पाला झटकला.

‘‘एकदाच विचारलं,’’ ते मला म्हणाले.

‘‘काका, तुम्ही नाही म्हणालात.’’

‘‘अगं, म्हणजे काय! पहिल्याच झटक्याला हो म्हणायला मी काय दुष्काळातून आलोय?’’ मग थोड्या वेळाने, ‘‘आमच्या घरी सुमन पानात वाढून मोकळी व्हायची. विचारायची नंतर.’’

काकूंचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते त्या दिवशी. मी ‘नो वरीज’ म्हणाले. त्याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या, लांबलेल्या लॉकडाउनमध्ये शनिवारी तावारेस यांच्या घरातून एक वास यायला लागला. घेवडा शिजल्याचा, लसणाचा, धुराचा. त्यांची बायको शनिवारी फेजुआदा, म्हणजे घेवड्याचा दाट रस्सा करायची, मोठ्या पातेल्यात, दहा माणसांना पुरेल एवढा. त्यांनाही तेवढाच करता यायचा. आता दहा माणसं येणं कायद्याने बंद होतं. म्हणून एका शनिवारी ते डबा भरून कुंपणाशी आले.

काकांना तेव्हा खरोखर भूक होती, मला दिसत होतं. पण डब्यात घेवड्याबरोबर डुक्कर होतं, एका नाही तर तीनचार प्रकारांनी. काका चांद्रसेनीय कायस्थ. मासे आणि मटण यांच्याविषयी ते देवाविषयी बोलावं तसं बोलायचे. पण डुकराला त्यांच्या घरात कधी प्रवेश नव्हता.

‘‘नो,’’ काका म्हणाले. त्यांच्याकडून मी ऐकलेला हा पहिला खरा नकार. दुर्दैवाने तो बाकीच्या नकारांसारखाच ऐकू येत होता.

तावारेस यांनी डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘केट, त्याला सांग, नो वरीज. माझं काहीच त्याला आवडत नाही, कळलं मला.’’

आणि दुसऱ्या दिवशी ती फळी परत लागली. खिळ्यांचे घाव मी माझ्या मीटिंगमध्ये बसून ऐकले. ऑफिसमधल्या कुणीतरी विचारलं, ‘‘केट, काही बांधकाम चाललंय का?’’ तिथेही मी केटच होते.

पुढचे दिवस काका कुंपणाशी जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. ताई सांगायची, बाबा आता वरणभातसुद्धा अर्धा ठेवतात. तिने फोनवर अलार्म लावला होता, दर दोन तासांनी ‘बाबा – खाणं’. अलार्म वाजला की ती मीटिंगमधून मान बाहेर काढून विचारायची, ‘‘बाबा, काही देऊ?’’ काका म्हणायचे, ‘‘नको.’’ मान आत जायची.

एका दुपारी काका माझ्या दाराशी आले. ‘‘तुझ्या त्या फोनवर बघ. फेजुआदा. शब्द कुठला.’’

मी बघितलं आणि वाचून दाखवलं. फेजुआदा आला फेजांववरून, म्हणजे घेवडा. शेवटचा ‘आदा’ लागला की त्या वस्तूचा केलेला पदार्थ, किंवा त्या वस्तूची रेलचेल. फेजांवच्या मागे लॅटिन, लॅटिनच्या मागे ग्रीक. ग्रीकमध्ये घेवड्याला आणि एका लहान होडीला एकच नाव. शेंगेच्या आकारावरून होडीला ते पडलं असावं, असं म्हणतात.

‘‘होडी!’’ काका खूश झाले. ‘‘म्हणून समुद्र ओलांडून गेला शब्द. पण आपल्याकडे नाही उतरला. बटाटा उतरला, काजू उतरला, कारण ते आपल्याकडे नव्हते. वालपावटे होतेच, मग त्यांचा शब्द कशाला घ्यायचा?’’ मग एकदम थांबून, ‘‘परत वाच. शब्दात डुक्कर कुठे आहे?’’

‘‘नाहीये काका.’’

‘‘घेवडा आहे. बास. डुक्कर नंतर घुसलंय.’’ ते उठले. ‘‘चल. तावडेला सांगायचंय.’’

मी कुणाचंही दार आपणहून वाजवत नाही. त्या दिवशी मी मास्क लावून तावारेस यांचं दार वाजवलं, चार पावलं मागे सरले आणि त्यांना सांगितलं, की शेजारच्या गृहस्थांच्या मते तुमच्या फेजुआदात मांस असायचं काही कारण नाही, कारण ते नावात नाही. तावारेस यांनी हात कमरेवर ठेवले.

‘‘त्याला सांग, नावात मीठही नाही. पाणीही नाही. मांसाशिवाय फेजुआदा हे हॉस्पिटलचं जेवण आहे. आणि ब्राझीलवाले म्हणतात, गुलामांनी मालकाच्या उरल्यासुरल्याचं केलं. माझी आजी डोंगरात करायची, तिला कुठला आलाय मालक! तिच्याकडे घेवडा होता, कोबी होता आणि वर्षाला एक डुक्कर. हेही सांग.’’

मी सांगितलं. काका म्हणाले, ‘‘वर्षाला एक! म्हणजे बाकीचे दिवस ती घेवडाच खात असणार. विचार त्याला.’’

मी परत गेले. तावारेस दारातच उभे होते, जणू उत्तराची वाट बघत. प्रश्न ऐकून त्यांनी दार लावलं, पण आदळलं नाही. लावणं आणि आदळणं यांतला फरक मला कळायला लागला होता.

मग काकांनी वालाचं बिरडं करायचं ठरवलं. वाल वेंटवर्थव्हिलच्या मुख्य रस्त्यावर मिळाले, मीच आणले. मला तोवर राजमा सोडून एकही कडधान्य नावानिशी ओळखता यायचं नाही. दुकानात मी दोन चुकीच्या पाकिटांचे फोटो पाठवले आणि काकांनी दोन्हींना एकाच शब्दात उत्तर दिलं, ते इथे लिहीत नाही. वाल भिजले, पण जुलैच्या थंडीत त्यांना मोड येईनात. काकांनी घरभर फिरून उबदार जागा शोधली आणि ओल्या फडक्यातली पुरचुंडी जावयाच्या टेबलावरच्या मॉडेमवर नेऊन ठेवली. जावईबापू दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसून नाक मुरडत होते. पण मोड आले. इंटरनेटच्या उबेवर आलेले मोड मी पहिल्यांदाच पाहिले.

कोमट पाण्यात घालून एकेक वाल सोलायचा असतो. काका, ताई आणि मी सोलायला बसलो. ताईने त्यासाठी एक मीटिंग सोडली. ‘‘बिरडं म्हणजे विरूढ,’’ काका सांगत होते. ‘‘विरूढ म्हणजे मोड आलेलं. त्यांचा शब्द दाणा सांगतो, आपला त्याला फुटलेला कोंब सांगतो. कळलं?’’ माझ्या हातातून वाल सटकून कपाटाखाली गेला होता. मी कळलं म्हणाले.

नारळाचं दूध, आमसूल घालून केलेलं ते बिरडं काकांनी स्टीलच्या डब्यात भरलं आणि फळीवर ठोठावलं. तावारेस यांचं डोकं कुंपणावरून वर आलं.

‘‘बीन्स,’’ काका म्हणाले. ‘‘अवर बीन्स.’’

‘‘नो, थँक्स,’’ तावारेस म्हणाले. टार्ट आणि डबा यांचा हिशोब त्यांनी एका वाक्यात चुकता केला.

काका हललेसुद्धा नाहीत. ‘‘थोडंसं.’’

‘‘नो, मेट.’’

‘‘असं कसं नो! एक चमचा. माझ्यासाठी. तुझ्यासाठी केलंय. टाकून देऊ का मग? देतो टाकून!’’ हे सगळं मराठीत, आणि डबा कुंपणावरून पुढे पुढे.

तावारेस घाबरून माझ्याकडे बघायला लागले. ‘‘केट, मी नाही म्हणालो. दोनदा. हा अजून इथे का आहे?’’

आणि मला आग्रह या शब्दाचं इंग्रजी करावं लागलं. होत नाही. जे होतं ते भांडणासारखं ऐकू येतं. शेवटी मी म्हणाले, ‘‘आमच्यात पहिले दोन ‘नो’ मोजत नाहीत.’’

तावारेस हळूच म्हणाले, ‘‘म्हणजे ते टार्ट?’’

‘‘हवे होते त्यांना.’’

‘‘ओह, मेट,’’ ते काकांना म्हणाले. मग मला, ‘‘आणि फेजुआदा?’’

‘‘तो खरा नो होता. ते डुक्कर खात नाहीत.’’

‘‘मग मला कसं कळणार कुठला खरा?’’

‘‘आम्हालाही कळत नाही,’’ मी म्हणाले. ‘‘म्हणून परत विचारतो.’’

एवढा वेळ डबा काकांच्या हातात हवेत होता. तावारेस यांनी तो घेतला आणि तिथेच, झाकण काढून, दोन बोटांनी एक वाल उचलून खाल्ला. मग आणखी एक. ‘‘याची सालं कुणी काढली?’’ त्यांनी विचारलं. काकांनी स्वतःकडे बोट दाखवलं, मग उदार होऊन माझ्याकडेही. ‘‘एकेकाची?’’ तावारेस म्हणाले. ‘‘वेडे आहात तुम्ही.’’ आणि डबा घेऊन आत गेले.

शनिवारी फळी निघाली. पलीकडे तावारेस, पातेलं, डाव आणि चेहऱ्यावर अपमान सोसल्याचा भाव.

‘‘डुक्कर नाही,’’ ते म्हणाले. ‘‘घेवडा, कोबी, गाजर, लसूण. माझी बायको वरून बघत असेल आणि मला लाज वाटतेय. घे.’’

‘‘नो नो,’’ काका म्हणाले. सवयच ती.

तावारेस यांनी एक बोट वर केलं. ‘‘टिप. घे.’’

‘‘अरे नको, खरंच.’’

दोन बोटं. ‘‘घे म्हणतोय ना!’’

‘‘बरं,’’ काका म्हणाले, ‘‘तू एवढं म्हणतोसच तर अर्धी वाटी.’’

ते उभ्याउभ्या जेवले. एक वाटी, मग दुसरी, आणि प्रत्येक वाटीच्या आधी तो सगळा विधी पहिल्यापासून. ताई मागच्या दारात हेडफोन गळ्यात घालून उभी होती. ‘‘बाबा, घरात मी काय कमी करते का?’’ ती म्हणाली, पण तिच्या आवाजात राग नव्हता. त्या रात्री तिने अलार्म काढून टाकला आणि तेव्हापासून ती काकांच्या पानात न विचारता वाढायला लागली. काका ‘नको नको’ म्हणत पान दोन्ही हातांनी झाकायचे, बोटांत वाढण्यापुरती फट ठेवून.

पट्ट्याचं शेवटचं भोक काही दिवसांनी रिकामं पडलं, मग त्याच्या आधीचं. शनिवार चालू राहिले. वाद संपला नाही. तावारेस दर वेळी पदार्थाला ‘हॉस्पिटल’ म्हणायचे आणि काका दर वेळी ‘शब्दाला धरून आहे’ म्हणायचे. मी मध्ये उभी राहून दोघांचं इंग्रजी इंग्रजीत करायचे आणि वाटी माझ्यापुढे आली की ‘आय अ‍ॅम ओके’ म्हणायचे. तावारेस यांनी एका शनिवारी माझ्याकडे बघून दोन बोटं आधीच वर धरली. तेव्हापासून मीही जेवायला लागले.

मग सीमा उघडल्या आणि काकांना तिकीट मिळालं. ठाण्याचं घर इतके दिवस बंद होतं आणि त्यांना जायचंच होतं. निघायच्या सकाळी गाडीत सामान भरून झालं. तावारेस इस्त्रीचा शर्ट घालून फुटपाथवर आले. हातात टार्टचा खोका.

‘‘टिप, घे.’’

काकांनी खोका घेतला. पहिल्यांदाच. तावारेस यांचं बोट वर येतायेता राहिलं.

काका मागच्या सीटवर बसले, खोका मांडीवर. काच खाली केली. तावारेस खिडकीशी वाकले.

‘‘परत ये, मेट.’’

‘‘नो नो,’’ काका म्हणाले. ‘‘आता या वयात कुठे.’’

‘‘परत ये.’’

‘‘नको रे तावडे. खरंच.’’

मी फुटपाथवर उभी होते. मनातल्या मनात मोजत होते. तावारेस यांनी तोंड उघडलं, काकांच्या मांडीवरच्या खोक्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर काकांना हो म्हणावं लागलं असतं. हे तावारेस यांना कळत होतं, मीच शिकवलं होतं. त्यांनी गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली आणि ते मागे सरले.

गाडी हलली. काकांचा हात खिडकीबाहेर अर्धा आलेला होता. वळणापर्यंत तो तसाच होता.